ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरते. डिस्क बदलूनही दोष परत येतो, तर नेमके काय तपासावे?

वळणवाट
नमस्कार. गेले काही महिने एका दोषाने माझा पिच्छा पुरवला आहे आणि आता केवळ सुटे भाग बदलत राहण्याची माझी इच्छा उरलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

गाडी साधारण १,५०० किलो वजनाची, मागच्या चाकांना शक्ती देणारी आहे. पुढे चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी घर्षणाचे पॅड दाबणारे, जागचे न सरकणारे भाग) आणि ३५५ मिलिमीटर व्यासाच्या दोन भागांच्या डिस्क आहेत, म्हणजे बाहेरचे कडे बिडाचे आणि मधली टोपी ॲल्युमिनियमची. रोजचा वापर रस्त्यावरचाच आहे, पण वर्षातून पाच-सहा वेळा मी ही गाडी ट्रॅकवर नेतो. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात हलकासा ब्रेक दाबला की साधारण ८० पर्यंत वेग उतरेतो स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरते आणि पेडलखालीही हलके ठोके जाणवतात. ६० च्या खाली हे जवळजवळ थांबते. आश्चर्य म्हणजे जोरात ब्रेक दाबला तर थरथर कमी वाटते.

कार्यशाळेने पहिल्या वेळी ‘डिस्क वाकल्या’ असे सांगून दोन्ही डिस्क आणि पॅड बदलून दिले. सुमारे ४,००० किलोमीटर गाडी लोण्यासारखी थांबत होती. त्यानंतर तोच दोष हळूहळू परत आला. आता पुन्हा डिस्क बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. नव्या डिस्क चार हजार किलोमीटरांत वाकतात, हे मला पटत नाही. या तपासाची सुरुवात कुठून करावी?

मृगजळ
ब्रेकला पाय न लावता त्याच वेगात गाडी चालवली तर थरथर असते का? चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असेल तर ती तेव्हाही जाणवेल.

वळणवाट
अजिबात नाही. ब्रेक सोडला की त्याच क्षणी स्टेअरिंग शांत होते. बॅलन्सिंग नुकतेच करून घेतले आहे.

सारथी
डिस्क वाकत नाहीत असे अलीकडे सगळेच लिहितात, पण माझा अनुभव वेगळा आहे. घाटातून उतरल्यावर तापलेल्या डिस्क घेऊन मी पाण्याच्या लोंढ्यातून गाडी काढली आणि त्याच दिवसापासून स्टेअरिंग थरथरू लागले. डिस्क बदलल्या, प्रश्न मिटला आणि पुढची तीन वर्षे पुन्हा उद्भवला नाही. ज्या भागात दोष आहे तो बदलावा, त्यात इतकी चिकित्सा कशासाठी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

डायलगेज
वळणवाट, तुम्ही दिलेल्या वर्णनातच निदानाचा अर्धा भाग आलेला आहे. ‘चार हजार किलोमीटर उत्तम, मग हळूहळू थरथर’ हे वाक्य मी आजवर इतक्या ग्राहकांकडून ऐकले आहे की ते कानावर पडताच माझा हात मायक्रोमीटरकडे जातो.

थरथर निर्माण होते ती बहुतेक वेळा डिस्कच्या जाडीतील फरकामुळे. एकाच डिस्कची जाडी एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी असेल, तर जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलले जातात, तेलाचा दाब क्षणभर वाढतो, ब्रेकचा जोर वाढतो आणि पातळ भाग आला की तो पुन्हा उतरतो. हा फरक किती लागतो? पंधरा-वीस मायक्रॉन पुरतात, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. डोळ्यांना दिसणार नाही, नखाला लागणार नाही, पण स्टेअरिंग धरलेल्या हाताला तो कळतो.

आता हा फरक येतो कुठून, हा खरा प्रश्न आहे. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, किंचित तिरकी बसली असेल तर फिरताना तिची कड आत-बाहेर डोलते. त्याला आपण रनआउट म्हणतो. नुसत्या रनआउटने लगेच थरथर येत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तुम्ही ब्रेकला पाय न लावता शंभरच्या वेगाने जात असता, तेव्हा डोलणाऱ्या डिस्कचा तोच एक भाग दर फेऱ्याला पॅडला ओझरता घासून जातो. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरला तर ४,००० किलोमीटरांत चाकाचे वीस लाख फेरे होतात. वीस लाख वेळा एकाच जागी झालेल्या या हलक्या स्पर्शाने तिथले वीस मायक्रॉन झिजले, तर त्यात नवल कसले? डिस्क ज्या हबवर बसली तो दोष तसाच राहिला असेल, तर नवी डिस्क पुन्हा त्याच वाटेने जाणार.

म्हणून माझी विनंती अशी की डिस्क मागवण्याआधी चार आकडे मोजावेत: दोन्ही डिस्कचा रनआउट आणि दोन्ही डिस्कच्या जाडीतील फरक.

सारथी
मग माझ्या बाबतीत डिस्क बदलल्यावर दोष तीन वर्षे परत का आला नाही?

डायलगेज
कारण तुमचे हब स्वच्छ आणि सरळ असावेत. तुमचे निदान चुकले असे मी म्हणत नाही. मात्र वळणवाट यांच्या गाडीत दोष परत आला आहे, आणि ते परत येणेच डिस्कपलीकडे बोट दाखवते.

लोहभट्टी
माझे काम धातूंच्या तपासणीचे आहे, म्हणून ‘वाकणे’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे.

तापलेली डिस्क आकार बदलते, यात वाद नाही. एकसंध ओतीव डिस्कमध्ये कडे टोपीला एकाच बाजूने जोडलेले असते, त्यामुळे तापून फुगताना ते छत्रीसारखे एका बाजूला कलते. थंड झाल्यावर ते बहुतांशी मूळ जागी येते. ओतकामात राहून गेलेले अंतर्गत ताण पहिल्या काही कडक तापण्यांत मोकळे झाले तर थोडा कायमचा बदलही राहू शकतो. सारथी यांच्या तापलेल्या डिस्कवर एका बाजूने पाणी पडले असेल तर असमान आकुंचनही नाकारता येत नाही. परंतु रस्त्यावरच्या नेहमीच्या वापरात डिस्क कायमची पिळवटून जाणे दुर्मीळ आहे. दोन भागांची डिस्क तर मुळात कड्याला टोपीपासून स्वतंत्रपणे फुगता यावे म्हणूनच तयार केलेली असते.

अधिक गंभीर प्रकार आहे तो गरम डागांचा. बिडाच्या डिस्कची मूळ रचना पर्लाइटची असते. पॅडचा दाब एखाद्या जागी जास्त पडला आणि तिथले तापमान साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तेथील रचना ऑस्टेनाइटमध्ये बदलू लागते. सभोवतालचा तुलनेने थंड धातू ती उष्णता झपाट्याने शोषून घेतो आणि त्या जागी मार्टेन्साइट तयार होते. ते कठीण असते आणि मूळ रचनेपेक्षा जास्त जागा व्यापते. परिणामी तो डाग किंचित वर उचलला जातो, पुढच्या ब्रेकला जास्त दाब घेतो, जास्त तापतो आणि आणखी वाढतो. डिस्कवर निळसर-काळे, साधारण समान अंतरावरचे डाग दिसत असतील तर ही शक्यता गृहीत धरावी. अशी डिस्क लेथवर फिरवली तर वरचा थर जातो, पण कठीण झालेला भाग खोलवर उरतो, आणि मऊ भाग भोवतीने झिजून काही दिवसांत तो पुन्हा डोके वर काढतो. अशा डिस्कसाठी मात्र सारथी म्हणतात तोच उपाय आहे: ती बदलावी.

वळणवाट, तुमच्या डिस्कवर असे डाग आहेत का? आणि थरथर थंड असतानाही येते, की तापल्यावरच?

वळणवाट
डाग नाहीत, दोन्ही डिस्क एकसारख्या राखाडी दिसतात. थरथर सकाळी पहिल्या ब्रेकलाही येते; तापल्यावर थोडी वाढते, एवढेच.

लोहभट्टी
मग गरम डागांचा संशय बराच कमी झाला. थंड असतानाची थरथर ही जाडीतील फरकाची किंवा पॅडच्या असमान थराची खूण आहे.

चौथा_गिअर
लोहभट्टी यांनी शेवटी पॅडच्या थराचा उल्लेख केला, तो माझ्या मते अधिक ठळकपणे यायला हवा, कारण ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या गाड्यांत मी हे सर्वाधिक पाहिले आहे.

पॅड दोन प्रकारे काम करतो. थंड असताना तो मुख्यतः डिस्कला खरवडतो. तापल्यावर आपल्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर चढवतो आणि मग थरावर थर घासला जाऊन ब्रेक लागतो. हा थर सर्वत्र सारखा असेल तर ब्रेक अतिशय सुरेख चालतात. तो एका जागी जाड झाला तर मोजणीत तो जाडीतील फरक म्हणूनच दिसतो, आणि लोक डिस्क वाकली असे म्हणून मोकळे होतात.

थर बिघडण्याची दोन कारणे नेहमीची आहेत. पहिले, नव्या पॅडचे बेडिंग, म्हणजे त्यांचा थर डिस्कवर सारखा बसवणे, न करणे. मी ताशी १०० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा, दर वेळी थोडा अधिक जोर लावून पण गाडी पूर्ण न थांबवता, ब्रेक लावतो आणि नंतर ब्रेकला फारसा हात न लावता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालती ठेवतो. दुसरे कारण म्हणजे ट्रॅकवरच्या जोरकस फेरीनंतर पिटमध्ये (गाडी थांबवण्याच्या जागी) येऊन ब्रेक दाबून उभे राहणे. लाल-गरम पॅड एकाच जागी चिकटून राहतो आणि आपला ठसा सोडतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकामागे ठोकळा लावावा, पण पेडल सोडावे आणि हँडब्रेकही ओढू नये.

उष्णतेचा अंदाज यावा म्हणून सांगतो: १,५०० किलोची गाडी १०० वरून थांबवताना साधारण ५.८ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते आणि २०० वरून थांबवताना सुमारे २३ लाख. वेग दुप्पट, उष्णता चौपट. रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकणारा पॅड ट्रॅकवर एका तासात आपला स्वभाव बदलतो तो यामुळे. डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंगाचे ठिपके लावून पाहावेत. हिरवा साधारण ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. माझ्या पॅडची मर्यादा मी रोज ओलांडत होतो, हे मला त्या तीन ठिपक्यांनी दाखवले.

ट्रॅकवरून परतताना टायरला चिकटलेले रबराचे गोळेही काही किलोमीटर विचित्र कंपन देतात. ते ब्रेकशिवायही जाणवते, म्हणून वळणवाट यांच्या बाबतीत ते लागू नाही.

वळणवाट
पिटमध्ये ब्रेक दाबून उभे राहण्याची चूक मी सुरुवातीच्या काळात केली आहे. नव्या डिस्कवर मात्र ती केलेली नाही, आणि या चार हजार किलोमीटरांत ट्रॅकवर एकदाच गेलो. थरथर त्याच्या आधीच सुरू झाली होती.

मृगजळ
एक सोपा प्रयोग सुचवतो. फोनमध्ये कंपन मोजणारे ॲप घ्या, फोन पुढच्या कन्सोलवर घट्ट बसवा आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला नोंद घ्यायला सांगा. १०० च्या वेगात चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेते. कंपनही सेकंदाला १४ असेल तर दोष फेऱ्याला एकदा येतो. २८ असेल तर दोनदा. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) ठोके मात्र चाकाच्या वेगाशी असे प्रमाणात बदलत नाहीत, त्यामुळे तीही शंका फिटेल.

संथगती
सगळे डिस्कवर बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. जाडीतील फरक कंपन निर्माण करतो, पण ते हातापर्यंत पोहोचवतो तो सस्पेन्शनचा साचा. माझ्या गाडीत लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, मागचे बुश (रबरी जोड) फाटले होते. डिस्कच्या जाडीतील फरक आठ मायक्रॉन निघाला, जो एरवी कोणाला कळलाही नसता, पण सैल बुशमुळे चाक दर ठोक्याला पुढे-मागे हलायला मोकळे होते आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागत होते. बुश बदलले, डिस्क त्याच ठेवल्या, आणि थरथर गेली.

वळणवाट यांना ती ठरावीक वेगातच का जाणवते, याचे उत्तरही यात आहे. चाक आणि सस्पेन्शन यांची पुढे-मागे हलण्याची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, आणि चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की थरथर फुगते. हलका ब्रेक लावला तर गाडी त्या वेगाच्या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळते, कंपनाला वाढायला सवड मिळते. जोरात ब्रेक लावला तर तो टप्पा झटकन मागे पडतो.

डायलगेज
संथगती यांच्याशी पूर्ण सहमत आहे, बुश पाहायलाच हवेत. पण आधी मोजणी करावी, कारण ती आता एका सुटीच्या सकाळचे काम आहे. पद्धत लिहितो.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाक काढावे. चाक काढले की डिस्क हबवर सैल होते, म्हणून चाकाचेच नट योग्य जाडीचे वॉशर घालून सगळीकडे सारखे आवळावेत. हे न करता घेतलेले वाचन कवडीमोलाचे असते. डायल गेज नकलवर, म्हणजे हब धरणाऱ्या न फिरणाऱ्या भागावर, घट्ट बसवून त्याची टोकदार सुई डिस्कच्या कडेपासून साधारण दहा मिलिमीटर आत टेकवावी आणि डिस्क हाताने सावकाश पूर्ण फिरवावी. तुमच्या दोन भागांच्या डिस्कमध्ये कडे आणि टोपी यांच्यात थोडी मोकळीक असू शकते, तेव्हा कडे एकाच बाजूला हलके दाबून ठेवून वाचन घ्यावे, नाहीतर काटा दर फेऱ्याला वेगळेच सांगेल. बसवलेल्या डिस्कचा रनआउट ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा. फिक्स्ड कॅलिपरच्या गाडीत मी ०.०३ चा आग्रह धरतो, कारण तो कॅलिपर डिस्कबरोबर सरकून तिला सांभाळून घेत नाही.

जाडी मायक्रोमीटरनेच मोजावी, व्हर्निअरने नाही. व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या कडेला न झिजलेल्या उंचवट्यावर बसतात आणि मायक्रॉनचा हिशेब त्याच्या आवाक्यातही नसतो. डिस्कवर खडूने आठ खुणा कराव्यात आणि कडेपासून तेवढ्याच अंतरावर आठही ठिकाणी जाडी लिहून ठेवावी. डिस्क काढण्यापूर्वी हबच्या एका स्टडवर आणि डिस्कवर जोडीची खूण करायला विसरू नये.

पहिलीच_फेरी
थोडे अवांतर विचारतो. ट्रॅकवर कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर माझे पेडल पुढच्या ब्रेकला खोल जाते आणि दुसऱ्यांदा दाबले की नेहमीच्या उंचीवर येते. हाही रनआउटचाच प्रकार आहे का?

चौथा_गिअर
नातलग म्हणता येईल. कर्बच्या धक्क्याने किंवा कडक वळणात हब किंचित लवतो, डिस्क तिरकी होऊन पॅड आणि पिस्टन मागे ढकलते, आणि पुढच्या दाबाला आधी ती पोकळी भरावी लागते. बेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर हे वाढते, तेव्हा चाक वर-खाली धरून हलवून पाहा. सरळ रस्त्यावर ब्रेकच्या जागेआधी डाव्या पायाने पेडल एकदा हलके दाबण्याची सवय लावा. त्याने फरक पडतो.

वळणवाट
आज सगळी मोजणी केली. दोन तासांचे काम म्हणता म्हणता अख्खा दिवस गेला, पण समाधान मोठे आहे.

फोनवर १०० च्या वेगात सेकंदाला १४ कंपने मिळाली, म्हणजे फेऱ्याला एक. उजवी डिस्क: रनआउट ०.०३ मिलिमीटर, जाडीतील फरक ६ मायक्रॉन. डावी डिस्क: रनआउट ०.१० मिलिमीटर, जाडीतील फरक २२ मायक्रॉन. पहिल्यांदा डाव्या बाजूचे वाचन पाहून मी गेजच चुकीचा बसवला असे समजलो आणि सगळे उकलून पुन्हा बसवले. तेच वाचन आले.

मग खुणा करून डावी डिस्क काढली. हबच्या तोंडावर, तिसऱ्या स्टडच्या अगदी कडेला, करंगळीच्या नखाएवढी गंजाची खपली घट्ट बसलेली होती. डिस्कच्या टोपीची मागची बाजू उलटी करून पाहिली, तर बरोबर त्याच जागी त्याच आकाराचा चकचकीत ठसा होता. मऊ ॲल्युमिनियमने खपलीची छाप उचलली होती. खपली खरवडून काढताना तिची जाडी मोजली: ०.०४ मिलिमीटर. एवढ्याशा खपलीने डिस्कच्या कडेला ०.१० चा रनआउट कसा यावा, हे मात्र मला अजून नीट उमगलेले नाही.

डायलगेज
हिशेब अगदी सरळ आहे. हबचे तोंड समजा १४० मिलिमीटर व्यासाचे आहे आणि गेज तुम्ही साधारण ३३५ च्या व्यासावर लावला. एका कडेला ०.०४ ची पाचर बसली तर तोच तिरकेपणा बाहेर जाताना दोन-सव्वादोन पटींहून अधिक वाढतो, म्हणजे ०.०९ ते ०.१०. तुमच्या मोजणीला दाद द्यायला हवी.

एक गोष्ट विचारतो. पातळ जागा एकच सापडली की समोरासमोर दोन? तिरकी डिस्क एका जागी बाहेरच्या पॅडला टेकते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर आतल्या. दोन्ही पॅड सारखे टेकत असते तर दोन पातळ जागा झाल्या असत्या आणि तुमच्या फोनने १४ ऐवजी २८ दाखवले असते.

वळणवाट
एकच सापडली. बाहेरचा पॅडही आतल्यापेक्षा जास्त झिजलेला आहे.

डायलगेज
मग बाहेरच्या बाजूचे दोन पिस्टन ब्रेक सोडल्यावर नीट मागे येत नसावेत. पिस्टनला मागे ओढतो तो त्याच्याच भोवतीचा चौकोनी रबरी सील. ब्रेक लावताना तो किंचित पिळतो आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला परत आणतो. पिस्टनवर धूळ आणि मळ साचला की ही हालचाल अडते. पॅड काढून पिस्टन थोडे बाहेर येऊ द्या, ब्रेकच्या तेलाने पुसून स्वच्छ करा आणि आत ढकलून पाहा. चारही सारख्याच जोराने आत गेले पाहिजेत.

मृगजळ
आता २२ मायक्रॉनच्या त्या डिस्कचे काय करायचे? हब साफ केला तरी पातळ जागा काही भरून येणार नाही.

लोहभट्टी
बरोबर आहे, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कारण दूर झाले तरी झालेली झीज डिस्कवर राहते. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या वर पुरेसे बिड शिल्लक असेल, तर गाडीवरच बसवून लेथ फिरवणाऱ्या यंत्राने ती समतल करून घ्यावी. तसे केल्याने डिस्क त्याच हबच्या अक्षाशी जुळून येते. पॅडही त्याच वेळी सपाट घासून घ्यावेत किंवा नवे घालावेत.

चौथा_गिअर
फरक पॅडच्या थराचा असता तर खरवडणारा पॅड घालून चालवण्याचा सल्ला मी दिला असता. इथे धातूच झिजलेला आहे, तेव्हा लोहभट्टी यांचा मार्गच योग्य आहे. चाक परत लावताना इम्पॅक्ट गन वापरू देऊ नका. नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यालाच आवळावेत. असमान आवळलेले नट स्वच्छ हबवरही डिस्कला तिरके करतात.

सारथी
मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. तापलेल्या डिस्कवर पाणी पडून ती बिघडू शकते, या मतावर मी अजूनही ठाम आहे आणि लोहभट्टी यांनीही ते नाकारलेले नाही. मात्र डिस्क बदलताना माझ्या मेकॅनिकने हब वायर ब्रशने लख्ख घासला होता, हे मला आज आठवले. त्या वेळी मी त्याला कशाला वेळ घालवतोस असे म्हणालो होतो.

वळणवाट
पुढची हकीकत. हबचे तोंड वायर ब्रशने आणि मग बारीक पॉलिश पेपरने साफ केले, स्टडच्या मुळाशी साचलेला गंजही खरवडून काढला. तीच डिस्क, त्याच खुणेवर बसवली: रनआउट ०.०३ मिलिमीटर. बाहेरच्या बाजूचा एक पिस्टन खरोखरच अडत होता. तो आता मोकळा चालतो. डावी डिस्क गाडीवरच समतल करून घेतली, दोन्ही बाजूंना नवे पॅड घातले आणि चौथा_गिअर यांनी सांगितल्याप्रमाणे बेडिंग केले.

पेडलखालचे ठोके पूर्ण गेले. स्टेअरिंगमध्ये ९० च्या आसपास अगदी पुसटशी थरथर उरली होती, म्हणून संथगती यांचा शब्द आठवून गाडी पुन्हा उचलली आणि लोअर आर्म पहारीने हलवून पाहिला. डाव्या बाजूच्या मागच्या बुशला आतून अर्धगोल चीर गेलेली आहे. बाहेरून पाहिले तर तो धडधाकट दिसतो, पहार लावली की तोंड उघडतो. दोन्ही बाजूंचे बुश मागवले आहेत.

संथगती
बुश बसवताना शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर आवळा. गाडी लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत पुन्हा फाटते.

वळणवाट
आभारी आहे, ते मला ठाऊक नव्हते. तसेच करेन.

डायलगेज
बुश बसल्यावर आकडे पुन्हा कळवा, आणि साधारण तीन हजार किलोमीटरांनी डाव्या डिस्कची जाडी त्याच आठ खुणांवर मोजा. रनआउट खरोखरच बरा झाला असेल तर तो फरक वाढता कामा नये.

वळणवाट
बुश बदलून ३,१०० किलोमीटर झाले, मध्ये एक ट्रॅकचा दिवसही झाला. डाव्या डिस्कच्या जाडीतील फरक समतल केल्यावर ४ मायक्रॉन होता, आज ५ आहे. उजव्या बाजूला ६ चे ७ झाले आहेत. १२० वरून हलका ब्रेक लावून पाहिला. स्टेअरिंगवरची बोटे सैल सोडली तरी काही जाणवत नाही.

डायलगेज
उजव्या हबचे तोंडही एकदा उघडून पाहा.

वळणवाट
येत्या सुटीला उघडतो. वायर ब्रश गाडीतच ठेवला आहे.